शिडांच्या जहाजांची लढाई पटावर: वारा, गुप्त हुकूम आणि दोन खेळाडू

दर्यावर्दी

युद्धखेळांवरच्या चर्चेत जमिनीवरच्या लढायांना तोटा नसतो. टेकडी कुणी धरली, पूल कुणी उडवला, रसद कुठे तुटली यावर भरभरून लिहिलं जातं. समुद्राकडे फारसं कुणी वळत नाही. सपाट निळ्या पटावर ना झाडी ना डोंगर, मग डावपेच कशाचे, अशी समजूत असते. शिडांच्या जहाजांच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे. म्हणून हा धागा.

मी मुख्यतः ‘वुडन शिप्स अँड आयर्न मेन’ या खेळाबद्दल बोलतोय. एस. क्रेग टेलर यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली बॅटललाईन या छोट्या कंपनीने काढला, पुढे तो अ‍ॅव्हलॉन हिल या मोठ्या खेळ-कंपनीकडे गेला आणि तिथून सगळीकडे पसरला. काळ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धापासून नेपोलियनच्या पाडावापर्यंतचा. पट षटकोनी घरांचा. जहाजाची सोंगटी दोन घरं व्यापते, एका घरात नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, आणि दुसऱ्यात पिछाडी. प्रत्येक जहाजाचा कागदावर एक तक्ता असतो: सांगाडा, डाव्या आणि उजव्या बाजूच्या तोफा, खलाशी, शिडं. मार बसला की त्या त्या रकान्यातले चौकोन खोडत जायचे.

आता खरी गोष्ट. फेरीच्या सुरुवातीला दोघेही आपल्या जहाजांची चाल एकमेकांपासून लपवून लिहितात. दोन घरं पुढे, डावीकडे वळण, आणखी एक घर पुढे, असं. दोघांचं लिहून झालं की कागद उघडायचे आणि सगळी जहाजं एकदम हलवायची. तोफा त्यानंतर. म्हणजे शत्रू आत्ता कुठे आहे हे पाहून नेम धरता येत नाही. हालचाल संपल्यावर तो कुठे असेल याचा अंदाज बांधून आपलं जहाज आणावं लागतं, आणि तोही नेमका तेच करत असतो. दोघांनी एकाच घरात शिरायचं लिहिलं तर धडक होते, दोर नि डोलकाठ्या एकमेकांत गुंततात, आणि मग कागदावरची सगळी योजना बाजूला पडून तलवारी निघतात.

दुसरी गोष्ट वारा. चौरस शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी साधारण ६७ अंशांपेक्षा जवळचा कोन करून पुढे जाऊ शकत नाही. षटकोनी पटावर जहाजाला सहा दिशा मिळतात आणि दोन दिशांत ६० अंशांचं अंतर असतं. वारा त्या सहापैकी एका दिशेने वाहतो असं धरा. थेट वाऱ्याच्या तोंडावर जहाज अडून राहतं. तिथून एक दिशा बाजूला वळलं, म्हणजे त्या मर्यादेच्या जवळपास आलं, की ते कसंबसं सरकतं. आणखी एक दिशा वळलं, म्हणजे वारा मागच्या कोपऱ्यातून आला, की सगळ्यात जास्त वेग. वारा बरोबर पाठीशी असेल तर वेग पुन्हा थोडा उतरतो, कारण मागच्या डोलकाठीची शिडं पुढच्यांचा वारा अडवतात. समुद्रावरचं खरं शास्त्र सहा बाजूंच्या घरात इतकं चपखल बसतं. ज्याने पहिल्यांदा हे पटावर मांडलं त्याला माझा नमस्कार.

माझं म्हणणं एवढंच आहे: गुप्त हुकूम आणि वारा ही जोडी जिथे आहे तिथेच शिडांच्या लढाईचा खरा खेळ आहे. यातली एक गोष्ट काढली की उरतात नुसत्या सोंगट्या. तुमचं मत लिहा, विशेषतः ज्यांनी दुसऱ्या पद्धतीचे नौदल-खेळ खेळले आहेत त्यांनी.

षट्कोन

दर्यावर्दी, उत्तम सुरुवात. षटकोनाचा मुद्दा अगदी पटला. मी त्यात रेकिंगची, म्हणजे शत्रूच्या पिछाडीतून किंवा नाळेतून लांबीच्या दिशेने मारा करण्याची, भर घालते, कारण नवीन खेळाडूला ते लवकर समजत नाही आणि समजलं की त्याचा खेळच बदलतो.

लाकडी युद्धजहाजाच्या दोन्ही बाजू जाड ओकच्या असतात आणि तोफाही तिथेच असतात. पिछाडीला मात्र कप्तानाच्या दालनाच्या खिडक्या आणि पातळ फळ्या. तिथून गोळा आत शिरला तर पूर्ण लांबीचा मजला आडवा-तिडवा करत नाळेपर्यंत जातो, आणि त्या जहाजाला उत्तर द्यायला मागे मोजक्याच तोफा असतात. ट्रफाल्गरला, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, ब्रिटिश सेनापती नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ फ्रेंच सेनापती व्हिलनव्हच्या ‘ब्यूसाँतॉर’च्या पिछाडीमागून गेलं आणि जाता जाता एकेक तोफ आत रिकामी करत गेलं. ते जहाज त्यानंतर सावरलं नाही.

पटावर रेकिंगला माराचा मोठा फायदा मिळतो, म्हणून अनुभवी खेळाडू सगळी चाल त्यासाठीच लिहितो. समोरच्याने डावीकडे वळण लिहिलं आणि आपण ते ओळखलं तर त्याची पिछाडी आपल्या तोफांसमोर. तो वळलाच नाही तर आपलीच नाळ त्याच्या ब्रॉडसाईडसमोर, म्हणजे एका बाजूच्या सगळ्या तोफांच्या एकत्र माऱ्यासमोर. दोन कागद उघडतात त्या क्षणाला मी दुसऱ्या कुठल्याही खेळात इतकी उत्सुक नसते.

आणखी एक: पहिली ब्रॉडसाईड जपून ठेवा. लढाई सुरू होण्याआधी तोफा निवांतपणे, नीट भरलेल्या असतात, म्हणून नियमांत पहिल्या माराला अधिक जोर आहे. ती लांबूनच शिडांवर उडवून टाकणारे बरेच असतात. जवळ जाईपर्यंत थांबायचं. समोरच्याचे गोळे खात थांबायला धीर लागतो, आणि तो धीर हाच खेळाचा भाग आहे.

तोफखाना

दोघांचंही वाचलं. दोन-तीन जहाजांच्या चकमकीपुरतं सगळं मान्य. पण ‘तिथेच खरा खेळ आहे’ हे वाक्य मला मान्य नाही, आणि त्याची कारणं लिहितो.

ट्रफाल्गरला ब्रिटिशांची रांगेत लढणारी २७ मोठी जहाजं होती, फ्रेंच-स्पॅनिश मिळून ३३. साठ जहाजांच्या चाली दोन माणसांनी दर फेरीला लिहायच्या, तक्ते खोडायचे, म्हणजे लढाई राहते बाजूला आणि कारकुनी सुरू होते. पण वेळ जातो ही माझी मुख्य तक्रार नाहीच. माझी तक्रार खरेपणाची आहे. गुप्त हुकूम लिहिणारा खेळाडू ताफ्यातल्या प्रत्येक जहाजाच्या कप्तानाच्या डोक्यात बसलेला असतो. विसावं जहाज पहिल्या जहाजाइतक्याच अचूकपणे त्याचं ऐकतं. खऱ्या सेनापतीला हे कधीच मिळालं नाही.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली ५ सप्टेंबर १७८१ ची चेसापीकची लढाई घ्या. ब्रिटिश १९, फ्रेंच २४. ब्रिटिश सेनापती ग्रेव्ह्जच्या जहाजावर एकीकडे ‘रांग धरा’चा बावटा फडकत होता आणि दुसरीकडे ‘जवळ जाऊन भिडा’चा. दोन्ही एकदम पाळणं शक्य नव्हतं, कारण ब्रिटिश रांग फ्रेंच रांगेला तिरकी होती. पुढची जहाजं भिडली, त्यांनी मार खाल्ला. मागची तुकडी हूडच्या हाताखाली होती, ती रांग धरून राहिली आणि लढाईत जवळजवळ उतरलीच नाही. ग्रेव्ह्जला यॉर्कटाउनला किनाऱ्यावर अडकलेल्या ब्रिटिश सेनानी कॉर्नवॉलिसपर्यंत पोचता आलं नाही, आणि महिना-दीड महिन्यात यॉर्कटाउन पडलं. एका अमेरिकेचा निकाल दोन बावट्यांच्या घोळात लागला म्हणा ना. आता हे मला सांगा: ज्या खेळात प्रत्येक जहाज माझा कागद वाचून चालतं, त्यात हूड मागे राहीलच कसा?

‘फ्लाइंग कलर्स’ हा माइक नेगल यांचा, जीएमटी या कंपनीने २००५ मध्ये काढलेला खेळ याच प्रश्नापासून सुरू होतो. तिथे चाली लिहायच्या नाहीत. सेनापतीच्या आवाक्यात जेवढी जहाजं आहेत तेवढी एकत्र हलवता येतात. जो कप्तान रांगेबाहेर भरकटला, तो ताफ्याच्या उपयोगाचा राहत नाही. तक्त्यांऐवजी नुकसानीच्या खुणा थेट पटावर ठेवतात. मोठी लढाई एका बैठकीत निकाली निघते, आणि रांग का धरायची हे कुणी न शिकवता कळतं.

दर्यावर्दी

तोफखाना, चेसापीकचं उदाहरण बिनतोड आहे. ताफा मोठा झाला की लेखी चालीत सेनापतीला नको तेवढी सत्ता मिळते, हे मान्य.

पण आळीपाळीच्या खेळात दुसरीच अडचण येते. तुमची पाळी असताना माझी जहाजं पाण्यात खिळून उभी असतात. तुम्ही माझ्या पिछाडीमागे निवांत येऊन बसता, तोफा डागता, मग माझी पाळी. रेकिंग तिथे अंदाजाचं राहत नाही, फक्त अंतर मोजण्याचं होतं. समुद्रावर कुणीच कुणासाठी थांबत नाही, आणि ते मला पटावर हवंच आहे.

मोठ्या लढाईसाठी आम्ही लेखी चाल ठेवूनच घरचे दोन नियम केले आहेत. पहिला: प्रत्येक तुकडीच्या फक्त पुढच्या जहाजाची चाल लिहायची. मागची जहाजं त्याच्या वाटेवरून, ते जिथे वळलं तिथेच वळत जातात. लिहिणं एकदम कमी होतं, रांग आपोआप राहते. दुसरा: तुकडीची मूळ आज्ञा बदलायची असेल तर बावट्याचा संकेत आधीच्या फेरीत लिहावा लागतो, आणि ज्या जहाजाला सेनापतीचं जहाज धुरामुळे किंवा मधल्या जहाजांमुळे दिसत नाही, ते जुनीच आज्ञा पाळतं. फक्त शत्रू अगदी शेजारी आला तर कप्तानाला स्वतःच्या बुद्धीने वागायची मोकळीक. तुमचा हूड या नियमांत बरोबर मागे राहतो. एका चुकीच्या वेळी लिहिलेल्या संकेताने अख्खी पिछाडीची तुकडी लढाईबाहेर गेलेली मी पाहिली आहे.

तोफखाना

संकेताचा नियम आवडला, करून बघतो. एक विचारतो: ट्रफाल्गरला नेल्सनने तर संकेतांची गरजच कमी करून टाकली होती. दोन स्तंभ, शत्रूची रांग मधून आणि मागून तोडायची, आणि त्यापुढे ज्याने त्याने जवळचा शत्रू गाठायचा. कप्तानांना योजना आधीच माहीत होती. मग तुमच्या नियमात नेल्सनच्या बाजूला वेगळी वागणूक हवी की नाही?

दर्यावर्दी

हवीच. त्याच्या कप्तानांना कायमची मोकळीक द्यायची, व्हिलनव्हच्या नाही. आणि एवढ्याने त्या लढाईचा तोल बऱ्यापैकी जमतो. उलट बाजूने पाहिलं तर ड्युमान्वारच्या हाताखालची फ्रेंच आघाडी हलक्या वाऱ्यात इतक्या उशिरा मागे वळली की तिचा उपयोगच झाला नाही. पटावर हे होण्यासाठी वेगळा नियम लागत नाही. वारा मंद ठेवा आणि वाऱ्याच्या तोंडावरून वळायला लावा, बस. एक मात्र खरं: नेल्सनच्या बाजूने खेळणाऱ्याला पहिल्या काही फेऱ्या नाळ पुढे करून गोळे खात जावं लागतं. तिथे माणूस घाबरून वळला की सगळी योजना फसते.

जुनी डोलकाठी

टेबलावर छोटी जहाजं हलवून रांग तोडण्याचा विचार करणारा पहिला माणूस नौदलातला नव्हताच. जॉन क्लर्क हा स्कॉटलंडचा व्यापारी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो लहान लाकडी नमुने मांडून लढाया का अनिर्णित राहतात याचा अभ्यास करत असे. पुढे वाफेच्या काळात फ्रेड जेनने १८९८ मध्ये नौदल-खेळ काढला. त्यात जहाजाच्या चित्रावर टोकदार काठीने ठोका मारायचा, छिद्र पडेल तिथे गोळा लागला. फाशांचं काम हाताकडे.

सुकाणू

चर्चा शिडांची आहे तरी थोडं पुढच्या काळात नेतो, कारण ‘गुप्त’ या शब्दाचा दुसरा अर्थ तिथे सापडतो.

शिडांच्या लढाईत शत्रू दिसतो. तासन्‌तास दिसतो. फक्त तो काय करणार ते माहीत नसतं. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, जटलंडच्या नौदल लढाईत उलटं झालं. ब्रिटिश १५१ जहाजं, जर्मन ९९, आणि ३१ मेच्या संध्याकाळी धुकं नि कोळशाच्या धुरात ब्रिटिश सेनापती जेलिकोला आपल्या समोर नेमकं कुठे काय आहे तेच कळत नव्हतं. त्याच्याकडे सहा स्तंभांत चालणारी युद्धजहाजं होती. ती एका रांगेत कुठल्या बाजूला पसरवायची हा निर्णय अपुऱ्या, परस्परविरोधी बातम्यांवर घ्यायचा होता. सव्वासहाच्या सुमारास त्याने डाव्या स्तंभावर रांग पसरवली आणि जर्मन सेनापती शेअरचा ताफा सरळ त्या आडव्या रांगेत घुसला. शेअर सगळी जहाजं एकदम फिरवून निसटला, थोड्या वेळाने परत आला, पुन्हा फिरला, आणि त्या वेळी जर्मन टॉर्पेडो चुकवायला जेलिकोने आपली रांग बाजूला वळवली. यावर आजही वाद घालतात लोक.

जिम डनिगन यांनी १९६७ मध्ये ‘जटलंड’ हा खेळ केला तेव्हा लढाईसाठी पटच दिला नाही. जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर सोंगट्या मांडायच्या आणि अंतर मोजायचं. आधी मात्र दोघांकडे शोधाचे वेगळे नकाशे, त्यावर ताफ्यांची वाट लपवून लिहायची. म्हणजे दर्यावर्दी म्हणतात तसे लेखी हुकूम तिथेही आहेत, पण शोधाच्या पातळीवर. १९६४ च्या ‘मिडवे’ या खेळातही मध्ये पडदा, दोघांचे वेगळे शोधपट. ज्या भागात विमानं पाठवली ते पुकारायचं आणि समोरच्याने तिथे जहाजं असतील तर खरं सांगायचं. एक चुकीचा अंदाज आणि विमानं डेकवर उभी असताना हल्ला होतो.

याच विषयातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम खेळ म्हणून झालंच नव्हतं. १९४२ च्या सुरुवातीला लिव्हरपूलला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्सच्या हाताखाली ब्रिटिश नौदलाने एक गट उभा केला. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली, नौदलाच्या महिला दलातल्या. मोठ्या खोलीच्या जमिनीवर चौकटी आखलेल्या. व्यापारी ताफ्याचं रक्षण करणाऱ्या जहाजांचे अधिकारी कापडी पडद्याआड बसायचे आणि बारीक फटीतून खऱ्या जहाजावरून जेवढं दिसेल तेवढंच त्यांना दिसायचं. जर्मन पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढलेला असे, तो फटीतून दिसत नसे. त्या जमिनीवर खेळून खेळून पाणबुड्या ताफ्याच्या आत शिरून मारा करतात हे सिद्ध झालं आणि ‘रास्पबेरी’ नावाचा प्रतिडाव तयार झाला, तो अटलांटिकवर खरोखर वापरला गेला. सोंगट्या हलवून माणसं वाचवता येतात याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

उत्सुक

वाचून खूप आनंद झाला. मी अजून नौदल-खेळ खेळलेलो नाही. दोन शंका. एक: शेवटी फासेच टाकायचे असतील तर एवढं डोकं लढवून उपयोग काय, एका वाईट फाशाने सगळं जातंच ना? दोन: सुरुवात कुठून करावी? ट्रफाल्गर लावलं तर मी पहिल्या फेरीतच बुडेन असं वाटतंय.

षट्कोन

उत्सुक, पहिल्या शंकेचं उत्तर मी देते, दुसरी दर्यावर्दींवर सोडते.

फासा तुमच्या तयारीला गुणतो, तयारीच्या जागी येत नाही. १ जून १८१३ ला ब्रिटिश ‘शॅनन’ आणि अमेरिकन ‘चेसापीक’ या दोन फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धजहाजं, बॉस्टनबाहेर भिडल्या. कागदावर जवळजवळ बरोबरीच्या. लढाई पाव तासही चालली नाही, ‘चेसापीक’ पकडलं गेलं. ‘शॅनन’चा कप्तान ब्रोक ते जहाज १८०६ पासून सांभाळत होता आणि तोफांचा सराव त्याने कधी सोडला नव्हता. ‘चेसापीक’वर कप्तान लॉरेन्स नुकताच आला होता. खेळात खलाशांचे दर्जे असतात, अगदी निवडकपासून कच्च्यापर्यंत, आणि तेच तोफमाराच्या तक्त्यात आणि तलवारीच्या झटापटीत मोजले जातात. तुमचा फासा वाईट पडू शकतो, पण दर फेरीला नाही. चांगला खेळाडू एका फाशावर जहाज टांगून ठेवत नाही.

आणि कधीकधी फासाच खरं बोलतो. २३ सप्टेंबर १७७९ ला अमेरिकन कप्तान जॉन पॉल जोन्सच्या ‘बॉनोम रिशार’च्या खालच्या मजल्यावरच्या जड तोफा पहिल्याच माराला फुटल्या, त्याचेच लोक मेले. तोफांच्या लढाईत तो हरणार हे उघड होतं. म्हणून त्याने आपलं जहाज ब्रिटिश ‘सेरापिस’ला दोरांनी बांधून घेतलं आणि लढाई डेकवर आणली. ‘सेरापिस’ने शरणागती पत्करली. जोन्सचं स्वतःचं जहाज दोन दिवसांनी बुडालं, तो पकडलेल्या जहाजावरून परतला. पटावर सुरुवातीलाच तोफांचे चौकोन गेले तर बहुतेक जण डाव सोडतात. अशा वेळी खलाशांचे चौकोन मोजायचे. तुमच्याकडे माणसं जास्त असतील तर जवळ जा, गुंतून पडा.

तोफखाना

षट्कोन ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोड: ट्रफाल्गरला फ्रेंच ‘रदूताब्ल’च्या कप्तान ल्यूकाने नेमकं हेच केलं. आपल्या लोकांना त्याने तोफांपेक्षा बंदुका, हातगोळे आणि चढाई (शत्रूच्या जहाजावर उतरून झटापट) यांतच तयार केलं होतं. ‘व्हिक्टरी’शी भिडल्यावर त्याच्या डोलकाठीवरच्या बंदूकधाऱ्यांनी वरचा डेक झोडपला, नेल्सनला लागलेली गोळी तिथूनच आली. चढाई होणार तेवढ्यात दुसऱ्या बाजूने ब्रिटिशांचं ‘टेमेरेर’ आलं आणि खेळ संपला. खेळातही माणसं तोफांवर ठेवायची की चढाईला, हे आधी लिहावं लागतं. दोन्हीकडे एकदम नाही.

गुराब

मी बराच वेळ वाचतोय. एक वेगळा विचार मांडतो. हे सगळे नियम खोल समुद्रातल्या, उंच शिडांच्या जहाजांसाठी आहेत. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची चकमक मांडायची झाली तर यातलं काय चालेल आणि काय मोडेल, यावर मी सध्या काम करतोय.

गुराब म्हणजे त्या आरमारातलं मोठं शिडाचं युद्धजहाज. त्याच्या पुढच्या भागात, नाळेवरून सरळ समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबतं लहान, वल्ह्यांची, माणसांनी भरलेली. पद्धत अशी की मोठ्या व्यापारी जहाजाच्या पिछाडीकडून यायचं, म्हणजे त्याच्या ब्रॉडसाईडसमोर जायचंच नाही. गुराबांनी डोलकाठ्या आणि शिडं तोडायची. जहाज लंगडं झालं की गलबतांनी चारही बाजूंनी चढाई करायची. वारा पडला तर वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढून नेत.

बघा काय होतं ते. वर सगळ्यांनी रेकिंगसाठी अंदाजाची लढाई सांगितली. इथे रेकिंग हीच मुळात रोजची जागा आहे, कारण तोफाच पुढे बसवल्या आहेत. आणि वारा मंद किंवा बंद असेल तर मोठं जहाज खिळलेलं आणि वल्ह्याचं गलबत मोकळं. दर्यावर्दींच्या वाऱ्याच्या नियमाला हात न लावता फक्त वल्ह्यांच्या जहाजांना वारा नसतानाची एक ठरावीक चाल दिली, नाळेच्या तोफांना वेगळा रकाना दिला आणि गलबतांच्या खलाशांचे चौकोन वाढवले की चकमक बरीच खरी वाटू लागते. मोठ्या जहाजाची बाजूही हताश राहत नाही: वारा वाढला की ते वळून ब्रॉडसाईड समोर आणतं आणि एका फटक्यात गलबत मोडतं. दोन्ही खेळाडू दर फेरीला वाऱ्याच्या फाशाकडेच बघत बसतात.

एकच अडतंय. उथळ पाणी आणि खाडीची तोंडं. गुराबांचा तळ उथळ, ती खाडीत शिरून निसटत. त्यासाठी पटावर खोलीच्या खुणा लागतील, आणि त्या समोरच्या खेळाडूला दाखवायच्या की लपवायच्या हे ठरत नाही.

सुकाणू

लपवा. नाईलच्या लढाईत, १ ऑगस्ट १७९८ ला, फ्रेंच सेनापती ब्रुएसने १३ जहाजं अबूकीरच्या उपसागरात नांगरली तेव्हा किनाऱ्याकडच्या बाजूने कुणी येणार नाही असं तो धरून चालला. ब्रिटिश कप्तान फोलीच्या ‘गोलायथ’ने तिथून जाण्याइतकं पाणी आहे हे हेरलं आणि आघाडीची फ्रेंच जहाजं दोन्हीकडून भरडली गेली. त्याच रात्री ब्रिटिशांचं ‘कलोडन’ मात्र वाळूत रुतून लढाईबाहेर राहिलं. खोली आधीच पटावर छापली तर फोलीचं धाडसही गेलं आणि ‘कलोडन’चं दुर्दैवही. ज्याचा किनारा आहे त्याला खोलीचा नकाशा द्या, दुसऱ्याला पाणी मोजायला एक फेरी हळू चालावं लागेल असा नियम करा.

गुराब

‘ज्याचा किनारा त्याला नकाशा’ घेतला. नियम लिहून झाले की इथेच टाकतो.

दर्यावर्दी

गुराब, नक्की टाका, पहिला डाव मी मांडतो. नाळेच्या तोफांचा मार दुरून थोडा कमी ठेवा, नाहीतर मोठं जहाज वळायच्या आतच संपेल.

उत्सुक, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सुरुवातीला एकास एक. दोन फ्रिगेट, मध्यम वारा, आणि वारा अजिबात बदलायचा नाही. साखळीचे गोळे, ग्रेप (छोट्या गोळ्यांचा गठ्ठा), डबल शॉट (एका तोफेत दोन गोळे) हे सगळं बाजूला ठेवा, फक्त साधे गोळे. चढाईसुद्धा पहिल्या डावात नको. त्यामुळे तुमचं सगळं लक्ष दोनच गोष्टींवर राहील: लिहिलेली चाल आणि वाऱ्याशी होणारा कोन. ‘कॉन्स्टिट्यूशन’ विरुद्ध ‘गेरियेर’, १९ ऑगस्ट १८१२, ही जोडी घ्या. अमेरिकन जहाज उघडपणे बळकट आहे, त्याच्या मुख्य तोफा २४ पौंडी (म्हणजे २४ पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या), ब्रिटिशांच्या १८ पौंडी. तरी ब्रिटिश बाजू तुम्हीच घ्या. कमकुवत जहाज घेऊन खेळलं की वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहणं किती महत्त्वाचं आहे ते लवकर कळतं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेला केव्हा भिडायचं ते ठरवतो, खालच्या अंगाचा फक्त केव्हा पळायचं ते. मात्र वारा जोराचा असेल तर वरच्या बाजूचं जहाज शत्रूकडेच कलतं आणि खालच्या मजल्याच्या तोफांची दारं पाण्याला लागतात, हे पुढे मोठी जहाजं घ्याल तेव्हा लक्षात ठेवा.

शिडांकडे दुर्लक्ष करू नका. त्या लढाईत ‘गेरियेर’ची मागची डोलकाठी तुटून बाजूला पाण्यात पडली, जहाजाला ओढायला लागली, ते मनाविरुद्ध फिरलं आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ त्याच्या नाळेसमोरून गेलं. सांगाडा शाबूत असून लढाई हातची जाते ती अशी.

दुसऱ्या डावात चढाई आणा, तिसऱ्यात वेगवेगळे गोळे आणि बदलता वारा. मग दोनास दोन जहाजं. ताफ्याकडे त्यानंतर वळा, आणि तेव्हा तोफखाना म्हणतात तो आवाक्याचा नियम आणि माझा संकेतांचा नियम दोन्ही करून बघा. चाल लिहिताना पेन्सिल वापरा आणि समोरच्याचं लिहून होईपर्यंत आपल्या जहाजाकडे बघू नका, त्याच्या शिडांकडे बघा.